तेरच्या मातीतील भूकंपाची नोंद

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत दगडमातीच्या भिंती व जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. नकाशात मात्र हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या भूकंपविभागात होता! २००२ साली तो तिसऱ्या विभागात गेला.

कोणाच्याच आठवणीत नसलेले भूकंप शोधायचे कसे? आधी सोपे उदाहरण घेऊ. कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास प्रस्तरभंगाच्या दोन बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकतात. तेथे वॉलेस नावाचा ओढा प्रस्तरभंग ओलांडताना काटकोनात वळतो आणि सुमारे १३० मीटर पुढे जाऊन पुन्हा सरळ वाहू लागतो. एवढे सरकायला सुमारे ३७०० वर्षे लागली. भागाकार करा : वर्षाला सुमारे ३५ मिलिमीटर. आता एका मोठ्या भूकंपात जमीन ७ मीटर सरकते असे समजा. तेवढा ताण साठायला २०० वर्षे लागतील. अर्थात ही सरासरी झाली. भूकंप वेळापत्रक पाळत नाहीत.

किल्लारीला असा ओढा नाही. तेथे जमीन आडवी न सरकता एक बाजू दुसरीवर चढली, आणि तीही मीटरभराच्या आतच. काळ्या रानातला एवढा उंचवटा नांगर आणि पाऊस किती दिवस टिकू देणार? म्हणून चर खणून थर पाहावे लागतात. तुटलेल्या थरांपैकी सर्वांत वरचा जमल्यानंतर आणि त्यावरचा अखंड थर जमण्याआधी भूकंप झाला, हे उघड आहे. थरात कोळशाचा तुकडा सापडला तर किरणोत्सारी कार्बनवरून त्याचे वय काढता येते.

किल्लारीच्या वायव्येस तेरणाकाठी तेर आहे, गोरोबाकाकांचे गाव, प्राचीन तगर. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांना तेथील जुन्या विटांच्या बांधकामात व मातीच्या थरांत भूकंपाने झालेल्या मोडतोडीच्या खुणा आढळल्या. काळ : इसवी सनाचे चौथे-पाचवे शतक.

मग १९९३ मधून ४०० वजा करून ‘दर १६०० वर्षांनी भूकंप’ असे म्हणावे काय? नाही. किल्लारीचा प्रस्तरभंग आणि तेरला हादरवणारा प्रस्तरभंग एकच होता, असे या खुणांवरून ठरत नाही. आणि एकाच अंतरावरून सरासरी निघत नाही.