नैरोबीला चार दिवस द्या

तिकिटं झाली हे बरं झालं, पण तुमचा कार्यक्रम वाचून मी कपाळाला हात लावला. सकाळी नैरोबीत उतरायचं, दुपारी मसाई मारा गाठायचं आणि परतताना अर्ध्या दिवसात ‘नैरोबी दर्शन’. अगं, सहलवाल्यांच्या लेखी हे शहर म्हणजे माराच्या वाटेवरचा एसटी स्टँड आहे. आपली माणसंही तेच धरून चालतात. मारा जरूर बघा, पण शहराला चार दिवस द्या. ते कसे घालवायचे ते सांगते. यातलं निम्मं मला पार्कलँड्समधल्या माझ्या शेजारच्या गुजराती बांनी शिकवलं, उरलेलं टॅक्सीवाल्यांनी.

आधी हवा. आफ्रिका म्हणजे भाजून काढणारं ऊन, असं समजून नुसत्या सुती कपड्यांनी बॅग भरू नकोस. नैरोबी जवळजवळ १,८०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वर. जुलै-ऑगस्टात दिवसच्या दिवस ढग असतात आणि सकाळी स्वेटरशिवाय बाहेर पडवत नाही. मोठा पाऊस मार्च ते मे, धाकटा ऑक्टोबर ते डिसेंबर. जिना चढताना सासूबाईंना धाप लागली तर ती उंचीमुळे, म्हणून पहिला दिवस हलका ठेवा. विषुववृत्त जवळ असल्यामुळे बाराही महिने साधारण साडेसहाला उजाडतं आणि साडेसहाला अंधारतं. जेवण झाल्यावर शतपावलीला रस्त्यावर पडायची सवय इथे चार दिवस विसरा. अंधारानंतर कुठे जायचंच असेल तर टॅक्सीनं, दारापासून दारापर्यंत.

दुसऱ्या दिवशी पहाटे नॅशनल पार्क. १९४६ साली झालेलं हे केनियातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. विस्तार ११७ चौरस किलोमीटर, आणि शहराच्या मध्यापासून अंतर जेमतेम सात किलोमीटर. तीन बाजूंना कुंपण आहे. दक्षिणेची बाजू म्बागाथी नदीपलीकडच्या मैदानांकडे मोकळी ठेवलीय, तिथून जनावरं ये-जा करतात. गेट सहाला उघडतं, तेव्हा तुम्ही तिथे असलं पाहिजे. ऊन चढलं की सिंह गवतात आडवा होतो आणि मग दिसतात त्या फक्त इतर पाहुण्यांच्या गाड्या. झेब्र्यांच्या मागे उंच इमारती दिसणारा तो प्रसिद्ध फोटोही सकाळच्या उजेडातच चांगला येतो.

इथे हत्ती नाहीत, त्यामुळे ड्रायव्हरच्या मागे लागू नका. गेंडे मात्र आहेत, काळे आणि पांढरे दोन्ही, आणि इतक्या जवळून गेंडा बघायला मिळणारी जागा दुसरी सहसा सापडत नाही. रंगावर जाऊ नकोस, दोघेही चिखलाच्याच रंगाचे. तोंड बघ. मान खाली घालून, रुंद चपट्या ओठांनी गवत कापत चालतो तो पांढरा. वरचा ओठ चोचीसारखा टोकदार, आणि त्यानं झुडपाची डहाळी पकडून ओढतो तो काळा. काळ्याला माणसाचा सहवास खपत नाही. तो मान वर करून बघायला लागला की गाडीत आवाज बंद.

पार्कातच एक जागा आहे, तिथे बहुतेक ड्रायव्हर थांबत नाहीत, कारण तिथे जनावर नसतं. तू थांबायला सांग. १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी चोरट्या शिकाऱ्यांकडून पकडलेलं १२ टन हस्तिदंत इथे जाहीरपणे पेटवलं. २०१६ मध्ये त्याच ठिकाणी १०५ टन जाळलं. विकलं असतं तर सरकारला केवढे पैसे मिळाले असते, हा हिशेब जावईबापू मांडतीलच. पण हस्तिदंताला बाजार आहे तोवर हत्ती मरणार, हे सांगायला याहून ठणठणीत मार्ग नव्हता, असं माझं मत.

हत्ती बघायचेत ना? मग शेल्ड्रिक ट्रस्टचं अनाथालय. अकरा ते बारा असा एकच तास सर्वांसाठी उघडं असतं आणि नाव आधी नोंदवावं लागतं. तेव्हा मुंबईहून निघण्याआधी हे काम उरका. आई गमावलेली पिल्लं रांगेनं येतात, मोठाल्या बाटल्यांतून दूध पितात आणि मग तांबड्या चिखलात लोळतात. दोरीला चिकटून उभी राहिलीस तर ड्रेसवर चिखल घेऊनच परतशील. पांढरं घालू नकोस.

म्युझियम हिलवरचं राष्ट्रीय संग्रहालय १९३० पासून त्या जागी आहे. लोक पक्ष्यांच्या दालनात दमतात आणि खरी गोष्ट राहून जाते. उलटं करा. आधी थेट मानवाच्या उगमाच्या दालनात जा आणि तुर्काना बॉयसमोर उभी राहा. १९८४ मध्ये तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला जीवाश्म शोधणाऱ्या कामोया किमेऊ यांना दगडगोट्यांत कवटीचा लहानसा तुकडा दिसला. गोट्यांचा आणि हाडाचा रंग जवळजवळ एकच, पण त्यांची नजर अशी की तो सुटला नाही. त्यातून निघाला सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या एका मुलाचा सांगाडा, इतक्या जुन्या माणसाचा इतका पूर्ण सांगाडा तोवर कुणालाच मिळाला नव्हता. वय असेल आठ-नऊ, उंची मात्र पाच फुटांच्या वर. तिथे पंधरा मिनिटं घालवा, मग पक्षी बघा किंवा बघू नका. अंगणातला हत्तीचा भला थोरला पुतळा म्हणजे मार्साबितचा अहमद. त्याचे सुळे इतके लांब की शिकारी टपलेले असायचे. म्हणून तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांनी १९७० मध्ये खास हुकूम काढून त्याला पहारा दिला आणि तो १९७४ मध्ये आपल्या मरणानं मेला.

शेजारचं सर्पोद्यान मुलं बरोबर असली तर. जिराफ सेंटर सासूबाईंना आवडेल. हातावर गोळ्या ठेवल्या की जिराफाची खरखरीत लांब जीभ त्या उचलून नेते. कॅरन ब्लिक्सनचं घर ज्यांनी तिचं पुस्तक वाचलंय त्यांनी बघावं, इतरांना ते बाग असलेलं जुनं घर वाटेल.

रेल्वे संग्रहालय मात्र चुकवू नका. हे शहर रेल्वेनंच वसवलं. १८९६ मध्ये मोंबासाहून रूळ टाकायला सुरुवात झाली, १८९९ मध्ये ते इथल्या दलदलीपर्यंत आले आणि इथे डेपो पडला. त्या कामावर हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर आणले होते, बहुतेक पंजाबातले. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास इथेच मेले. शेडमध्ये एक लाकडी डबा आहे. १९०० साली किमा स्टेशनवर चार्ल्स रायल नावाचा पोलीस अधिकारी नरभक्षक सिंहाला मारायला त्यात बसला होता. पहाऱ्यावर असताना त्याला झोप लागली आणि सिंहच डब्यात शिरून त्याला खिडकीतून ओढून घेऊन गेला. त्या खिडकीची रुंदी नीट बघ, म्हणजे विश्वास बसेल.

शहराच्या गर्दीत जायचं ते सकाळी दहाच्या सुमारास, गळ्यात काही न घालता, फोन पर्समध्ये ठेवून. मंगळसूत्र हॉटेलच्या तिजोरीत गेलं तर काही बिघडत नाही. मोई अव्हेन्यूवर राष्ट्रीय अभिलेखागार आहे, ती जुनी बँक ऑफ इंडियाची इमारत. रविवारी बंद. खालच्या मजल्यावर जोसेफ मुरुंबींनी जमवलेला आफ्रिकी कलावस्तूंचा संग्रह आहे. हे केनियाचे दुसरे उपराष्ट्राध्यक्ष. वडील गोव्याचे, आई मसाई, शिक्षण हिंदुस्थानात. तिथून थोडं चाललं की ७ ऑगस्टचं स्मारक. १९९८ मध्ये अमेरिकन वकिलातीवर बॉम्बहल्ला झाला, तिथे २१३ माणसं गेली. भिंतीवर नावं आहेत. तिथे मोठ्यानं बोलू नका, सेल्फी नको.

मुरुंबींचं थडगं सिटी पार्कात आहे. आपल्याला पिओ गामा पिंटोंच्या जवळ पुरावं, अशी त्यांची इच्छा होती. पिंटो नैरोबीतच जन्मलेले गोवेकर. तरुणपणी मुंबईत गोवामुक्तीच्या चळवळीत उतरले, अटक टाळायला केनियाला परतले आणि इथल्या स्वातंत्र्यलढ्यात ब्रिटिशांच्या स्थानबद्धतेत गेले. स्वतंत्र केनियात, १९६५ च्या फेब्रुवारीत, त्यांना घराच्या फाटकाशी गोळ्या घातल्या. मुंबई-गोव्याहून येणाऱ्या कितीजणांना हे नाव माहीत असतं? म्हणून पाहुण्यांना मी आवर्जून तिथे नेते. एकटीनं जाऊ नकोस, दिवसाउजेडी जा, आणि हातात केळं किंवा वेफर्सचं पाकीट दिसू देऊ नकोस. तिथली माकडं त्यासाठीच बसलेली असतात.

या शहरातल्या बागा आपोआप वाचलेल्या नाहीत. उहुरू पार्कात साठ मजली इमारत येणार होती. १९८९ मध्ये पर्यावरणासाठी लढणाऱ्या वांगारी माथाई आडव्या उभ्या राहिल्या. अलीभाई मुल्ला जीवनजी यांनी शहराला दिलेली जीवनजी गार्डन गिळायचा बेत १९९१ मध्ये निघाला, तेव्हा त्यांची नात झरीना पटेल लढली. करुरा जंगलाच्या जमिनी वाटून घेतल्या जात होत्या; तिथे रोपं लावायला गेलेल्या माथाईंवर जानेवारी १९९९ मध्ये हल्ला झाला, डोकं फुटलं. आज त्याच करुरात बायका सकाळी एकट्या पळायला जातात. लिमुरू रोडच्या गेटनं आत शिरा, धबधब्यापर्यंत चाला, दमलात तर सायकल भाड्यानं घ्या. चौथा दिवस पूर्ण यालाच ठेवा.

बारीकसारीक गोष्टी आता. पार्कांच्या दारात रोख पैसे घेत नाहीत. उतरल्यावर पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घ्या आणि त्यावर एमपेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे द्यायची सोय, सुरू करा. रस्त्यावर मका भाजणाराही त्यानंच पैसे घेतो. परदेशी माणसाचं तिकीट रहिवाशापेक्षा बरंच महाग असतं, त्यावरून वाद घालू नका, ताजमहालावर आपणही तेच करतो. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे आणि पार्कांत, जंगलांत पाण्याची प्लास्टिक बाटलीही चालत नाही. स्टीलच्या बाटल्या आणा आणि चिवडा-लाडू डब्यात भरा. पोलीस, सैनिक, स्टेट हाऊस (राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान) यांचे फोटो नकोत. काही विचारायच्या आधी हात मिळवून ‘हबारी’, म्हणजे ‘कसं काय?’, म्हणा. थेट ‘संग्रहालय कुठे?’ म्हटलेलं इथे उद्धटपणाचं वाटतं. शाकाहाराची काळजी नको. उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), सुकुमा विकी (परतलेली पालेभाजी) आणि चपाती सगळीकडे मिळते, आणि आपल्या जेवणासाठी अगदीच जीव कासावीस झाला तर पार्कलँड्सचा डायमंड प्लाझा आहे. पण ट्रॅफिक धरून चाला. एका दिवशी शहराच्या एकाच बाजूची ठिकाणं घ्या.

आणि पिवळ्या तापाची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घेतलीच पाहिजे, कारण दाखला त्यानंतरच ग्राह्य धरतात. तो मोठ्या बॅगेत नको, पासपोर्टबरोबर ठेव. केनियाहून परतणाऱ्याकडे तो नसला तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.