जुना डेस्कटॉप भंगारात देण्याआधी

दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले डेस्कटॉप अजून कितीतरी घरांत, क्लासमध्ये आणि पतसंस्थांच्या काउंटरवर चालू आहेत. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३ किंवा आय५, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क, असा त्यांचा साधारण ऐवज. सुरू व्हायला वेळ लागतो, पंखा घरघरतो आणि मालक म्हणतो, ‘प्रोसेसर जुना झाला.’ दोष बहुधा प्रोसेसरचा नसतो. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते खरी, पण विखुरलेली माहिती गोळा करायला तिच्यावरच्या दांडीला सारखं इकडून तिकडे धावावं लागतं. वेळ जातो तो तिथं. म्हणून पैसे खर्च करायचे ते एसएसडीवर आणि रॅमवर, मेहनत करायची ती धूळ काढण्यावर. बाकीचं बदलत बसू नये.

खरेदीआधी मशीन चालू असतानाच टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी पाहा. रॅमचे किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत हे तिथं लिहिलेलं असतं. एच८१ला दोनच स्लॉट आणि मर्यादा १६ जीबीची. घरच्या कामाला ८ पुरते. रॅम डीडीआर३च हवी. डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, ती या स्लॉटमध्ये बसत नाही. डीडीआर३ आता बहुतेक जुन्या बाजारातच मिळते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत घेताना एक प्रश्न आवर्जून विचारा: ही इंटेलवर चालेल ना? ८ जीबीच्या काही स्वस्त पट्ट्या फक्त एएमडीच्या मशीनवर चालतात. दिसायला अगदी तशाच असतात, पण या बोर्डावर लावल्या की मशीन सुरूच होत नाही. एसएसडी अडीच इंची, साटा जोडणीची घ्या. त्याहून वेगवान एनव्हीएमई पट्टी लावायची सोय बहुतेक एच८१ बोर्डांवर नसते.

सोबत लागेल ते असं: स्टार टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, रंगकामाचा एक इंची कोरा ब्रश, हवेचा ब्लोअर, पांढरा खोडरबर, आयसोप्रोपाइल अल्कोहोल, सुती फडकं, थर्मल पेस्ट, एक साटा केबल, सीआर२०३२ सेल आणि स्क्रू ठेवायला वाटी. कामाच्या फाइलींची प्रत आधी दुसरीकडे काढून ठेवा. ती नसेल तर आज डबा उघडू नका.

मशीन रीतसर बंद करा, मागची वायर काढा आणि मग सुरू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. डबा गॅलरीत न्या. समोरून पाहिलं तर डाव्या हाताची बाजू उघडायची असते: मागचे दोन स्क्रू काढून पत्रा मागे सरकवा. कशालाही हात लावण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा, त्यातही पुढच्या बटणांकडून बोर्डाकडे जाणाऱ्या बारीक वायरींचा अगदी जवळून. त्या निसटल्या तर फोटोशिवाय परत लावणं जिकिरीचं होतं. मग डब्याच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा आणि अधूनमधून लावत राहा. डिसेंबर-जानेवारीत विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत अंगावरची स्थिर वीज रॅमची पट्टी निकामी करू शकते.

आत धूळच असेल असं नाही. झुरळं, मुंग्यांचं वारूळ, पालीची अंडी, काहीही निघतं. ही मंडळी मागच्या उघड्या फटींतून येतात; तिथली पत्र्याची झाकणं गेली असतील तर नवी बसवून घ्या. ब्लोअर वीतभर लांब धरून थोडी थोडी हवा मारा, वरून खाली. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेनं ते भन्नाट फिरलं तर बेअरिंग बिघडतं. कोपरे ब्रशनं झाडा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्यानं स्थिर वीज तयार होते. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा बंद डबा, मात्र बाहेरूनच फुंकायचा, उघडायचा नाही. त्यातल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठते आणि वायर काढल्यावरही काही वेळ टिकते. घरगुती दुरुस्तीची हद्द तिथं संपते.

खरा ऐवज प्रोसेसरवरच्या पंख्याखाली सापडतो. ॲल्युमिनियमच्या पात्यांवर धुळीचं अक्षरशः जाजम झालेलं असतं. हवा खाली जात नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. नुसत्या हवेनं ते निघालं तर कूलर काढू नका. काढावाच लागला तर नवी पेस्ट हाताशी हवीच. इंटेलच्या कूलरला चार खुंट्या असतात. प्रत्येकीवरच्या बाणाच्या दिशेनं पाव फेरा द्या आणि वर ओढा. जुनी पेस्ट अल्कोहोल लावलेल्या फडक्यानं पुसा, मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी नवी ठेवा, बोटानं पसरू नका. परत बसवताना आधी खुंट्या मूळ दिशेला फिरवा आणि समोरासमोरच्या दोन-दोन ‘टक्’ आवाज येईतो दाबा. एकही अर्धवट बसली तर कूलर कलतो. एएमडीचं मशीन असेल तर ते आधी थोडा वेळ चालवून गरम करा आणि कूलर हलकेच पिळून सोडवा. सरळ ओढला तर वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात.

रॅमची सोनेरी कड खोडरबरनं घासा, पण बोर्डापासून दूर, नाहीतर चुरा स्लॉटमध्ये पडतो. कोकणातल्या दमट हवेत एवढ्यानंच बंद पडलेलं मशीन कितीदा सुरू होतं. खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. कड्या आपोआप मिटल्या पाहिजेत. एच८१वर साटाचे दोन पोर्ट सेकंदाला ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे असतात. छापलेलं वाचून एसएसडी ६च्या पोर्टला लावा. तारीख सारखी मागे जात असेल तर ३ व्होल्टचा गोल सेलही बदला. चुकीच्या तारखेमुळे बँकेच्या वेबसाइटसुद्धा उघडत नाहीत.

पत्रा न लावताच मशीन चालू करून पाहा. पंखा फिरतोय ना? बीप-बीप झालं किंवा पडदा काळाच राहिला तर घाबरू नका, बंद करून वायर काढा आणि एकेक पट्टी लावून बघा. बायोसमध्ये रॅमचा पूर्ण आकडा आणि एसएसडीचं नाव दिसलं की काम झालं.

सिस्टिम जुन्या डिस्कवरून उचलून आणण्यापेक्षा नव्यानं टाकलेली बरी. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११च्या यादीत इंटेलची चौथी पिढी नाही. आडवाटेनं ते टाकता येतं, पण जिथं लोकांचे पैशांचे व्यवहार होतात त्या मशीनवर ते करू नये. लिनक्स मिंट अशा मशीनवर सुरळीत चालतं, मराठी टायपिंगही होतं. टॅलीसारखं विंडोजचंच सॉफ्टवेअर लागत असेल तर मात्र नवं मशीन घ्या.

जुनी हार्ड डिस्क कोणाला द्यायची किंवा विकायची असेल तर क्विक फॉरमॅटवर भागवू नका. त्यानंतरही फाइली परत काढता येतात. संपूर्ण पुसूनच द्या.