बोट लागेपर्यंत

सातारा, श्रावण वद्य

चि. बाळ,



सांगलीत चोर गणपती बसेल त्या सुमारास तू युरोपातल्या एका बंदरात बोटीची शिडी चढत असशील. शंभरेक दिवसांचं सत्र, वर्ग पाण्यावर आणि सुट्टी जमिनीवर, हे गणित आजीला अजून सुटलेलं नाही. ‘कॉलेज बोटीवर आहे की बोट कॉलेजात आहे?’ असं ती आज दोनदा विचारून गेली. मामाचा स्वतःचा समुद्रप्रवास म्हणशील तर भाऊच्या धक्क्यावरून रेवसपर्यंतचा, आणि तोही बहुतेक डोळे मिटून. तेव्हा या पत्रात मामाचा अनुभव शोधू नकोस. आपल्या मुलखातून, आणि थोडं बाहेरूनही, जी माणसं शिकायला म्हणून बोटीने गेली त्यांचे सुरुवातीचे दिवस कसे गेले, तेवढंच मामाने वाचून काढलं. त्यातलं तुला उपयोगी पडेल ते इथे आहे.

आजीला सांगायला म्हणून थोडी माहिती. तू ज्यात चाललीस तो सेमिस्टर ॲट सी हा उपक्रम १९६३ पासून चालू आहे. पण बोटीवर कॉलेज भरवायची कल्पना त्याहून जुनी. १९२६ मध्ये ‘रिंडम’ नावाच्या डच बोटीवरून सुमारे पाचशे विद्यार्थी न्यूयॉर्कहून जगप्रदक्षिणेला निघाले होते. त्याच वर्षी आपल्या किर्लोस्करवाडीचे शंतनुराव किर्लोस्कर अमेरिकेत एमआयटीचे इंजिनिअर झाले. वडिलांनी, लक्ष्मणरावांनी, १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभा केला. त्या माळावर वाढलेला मुलगा १९२२ मध्ये समुद्र ओलांडून बॉस्टनजवळ शिकायला गेला. म्हणजे सांगली जिल्ह्यातून बोटीने शिकायला जाणारी तू काही पहिली नाहीस. आजीला हे सांगितल्यावर ती जरा शांत झाली.

आता कामाचं.

४ सप्टेंबर १८८८ ला मुंबईहून एक अठरा वर्षांचा काठेवाडी मुलगा बॅरिस्टर व्हायला निघाला. काटे-चमचे कसे धरायचे ते ठाऊक नाही, कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायची हिंमत नाही, इंग्रजी बोलायचं तर प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवायचं. मग त्याने सोपा मार्ग काढला. घरून आणलेली मिठाई आणि फळं केबिनमध्येच खायची, आणि डेकवर गर्दी कमी असेल तेव्हाच बाहेर पडायचं. त्याच केबिनमध्ये जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार होते. ते सगळ्यांत मोकळेपणाने मिसळत. त्यांनी या मुलाला परोपरीने सांगितलं की बाहेर ये, बोल, चुकलं तर चुकलं, वकिलाची जीभ सैल हवी. मुलाने ऐकलं नाही. पुढे गांधींनी आत्मचरित्रात हे सगळं स्वतःच लिहून ठेवलं आहे, लाजेसकट.

तुझ्या पिशवीतही सांगलीचा भडंग आहे, साताऱ्याचे कंदी पेढे आहेत, तासगावचे बेदाणे आहेत. केबिनला दार आहे आणि दाराला कडी आहे. बोटीवर उपाशी राहण्याची भीती आता कुणाला नाही. उलट सगळं जवळ असल्यामुळे आठ दिवस आत बसून राहण्याची सोय आहे. मामाला काळजी आहे ती त्या सोयीची.

आणि जेवणाच्या टेबलाला क्षुल्लक समजू नकोस. त्याचं मोल कळायला आपल्याच जिल्ह्यातला एक प्रवास पाहावा लागतो. भिवा रामजी आंबेडकर हा मुलगा ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये दाखल झाला. तेच आताचं प्रतापसिंह हायस्कूल, आणि राज्यात तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत हा मुलगा भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांकडे निघाला. नवे सदरे, जरीच्या टोप्या, आयुष्यातली पहिली आगगाडी. मसूर स्टेशनवर उतरल्यावर न्यायला कुणी आलेलं नव्हतं, कारण पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. मुलं अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या घरची हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडं कबूल केलं तेव्हा गाडीवान तयार झाला, तोही पायी चालायला. बैल मुलांनी हाकायचे. डब्यात जेवण होतं, पण रात्रभर प्यायला पाणी कुणी दिलं नाही. मसूर कराड तालुक्यात आहे, बाळ. आपली गाडी तिथूनच जाते.

हाच मुलगा १९१३ च्या जुलैत, बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन, बोटीने न्यूयॉर्कला उतरला. कोलंबिया विद्यापीठात सुरुवातीला जिथे राहिला तिथलं खाणं मानवेना, म्हणून त्याने जागा बदलली, पण खोलीचं दार लावून घेतलं नाही. लिव्हिंगस्टन हॉलमध्ये त्याच्या खोलीत एक पारशी विद्यार्थी होता, नवल भथेना. मैत्री झाली. अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला १९२० मध्ये बाबासाहेब लंडनला निघाले तेव्हा कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीला होते, आणि पाच हजार रुपये उसने देणारा माणूस होता हाच नवल भथेना. परदेशात गेलेल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं बाबासाहेबांनी पुढे लिहिलं. जिथे शेजारी बसून जेवायला कुणी हरकत घेत नाही अशा टेबलाशी बसायला त्यांना सातारा ते न्यूयॉर्क एवढं यावं लागलं. तुला ते टेबल आयतं मिळतंय. रोज वेगळ्या माणसाशेजारी बस.

आता बोट लागण्याविषयी. हे मामाचं एकमेव अधिकाराचं क्षेत्र, कारण रेवसच्या वाटेवरही ती लागते.

आपल्याला घाटात गाडी लागते तसंच हे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की तू डुलतेयस, आणि केबिनच्या भिंतींकडे पाहणारे डोळे सांगतात की सगळं जागच्या जागी आहे. या भांडणात पोट ढवळतं. म्हणून त्यावेळी अंथरुणात तोंड खुपसून पडणं हा सगळ्यात वाईट उपाय. उठायचं, डेकवर यायचं आणि क्षितिजाची रेघ बघत राहायचं. डोळा आणि कान दोघांना एकच बातमी मिळते. बोट टोकांना जास्त वरखाली होते आणि मध्यावर, खालच्या मजल्यावर कमी, तेव्हा बसायला मधली जागा धर. मोबाईल आणि पुस्तक दोन्ही मिटून ठेव. पोट रिकामं नको, तुडुंबही नको. गोळी घ्यायची तर त्रास सुरू व्हायच्या आधी, आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून. आजीने आलेपाकाच्या वड्या दिल्यात त्या हाताशी ठेव; साताऱ्याच्या आल्यावर तिचा डॉक्टरांपेक्षा जास्त विश्वास आहे, आणि मळमळीवर आलं बऱ्याच जणांना उपयोगी पडतं हेही खरं. दोन-तीन दिवसांत बहुतेकांचं शरीर सरावतं. नाहीच सरावलं तर बोटीवरच्या दवाखान्यात जायला लाजू नकोस.

पहिल्याच दिवशी भोंगा वाजेल. सात आखूड, एक लांब. तो कवायतीचा इशारा, तेव्हा जीवरक्षक जाकीट घेऊन ठरलेल्या जागी जमायचं. मुलं या वेळी सेल्फी काढतात. तू काढू नकोस. एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाली, म्हणून १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत अजून व्हायची होती. त्यानंतर नियम बदलला, आणि आता बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती घ्यावीच लागते. आपल्या केबिनपासून जमण्याच्या जागेपर्यंतची वाट एकदा जिन्याने चालून बघ आणि वळणं लक्षात ठेव.

घरची आठवण तिसऱ्या-चौथ्या दिवशी येईल, पोट शांत झाल्यावर. १९०६ च्या जूनमध्ये ‘पर्शिया’ बोटीने विनायक सावरकर लंडनला निघाले तेव्हा त्याच बोटीवर पंजाबचा हरनामसिंग नावाचा तरुण होता. घरच्या आठवणीने तो इतका खचला की वाटेतूनच परत फिरायच्या गोष्टी करू लागला. सावरकरांनी त्याच्याशी बोलून बोलून त्याला थांबवला. अशा वेळी तुझ्या बोटीवर कोण हरनामसिंग होईल आणि कोण समजूत घालेल ते आधी सांगता येत नाही. दुसऱ्या पलंगावरची मुलगी रात्री भिंतीकडे तोंड करून फार वेळ जागी दिसली, तर तिला चहाला घेऊन जा. तू तशी दिसलीस तर तिनेही न्यावं. पण त्यासाठी तुझं नाव तिला नीट म्हणता यायला हवं. ते पहिल्याच दिवशी शिकव, आणि तिचं तू शिक.

फोनचं. बंदर सुटलं की थोड्या वेळात किनाऱ्याचं नेटवर्क संपतं, आणि बोटीवरच्या महागड्या नेटवर्कला मोबाईल आपसूक चिकटला तर बिल बघून तुझ्या बाबांना भोवळ येईल. मोबाईल विमानाच्या मोडवर टाक. बोटीचं इंटरनेट उपग्रहावरून येतं आणि कधी कधी कूर्मगतीने चालतं. शिवाय पंधरा रेखांशांमागे घड्याळ एक तास सरकतं. पश्चिमेला जाताना कधी पंचवीस तासांचा दिवस होतो, पूर्वेला तेवीसचा. म्हणून ‘रोज नऊला फोन करीन’ असं आईला वचन देऊन बसू नकोस. एक दिवस चुकला की ती रात्रभर जागते.

त्यापेक्षा लिही. छत्रपती प्रतापसिंहांना १८३९ मध्ये गादीवरून काढलं, त्यांची बाजू मांडायला साताऱ्याचे रंगो बापूजी लंडनला गेले आणि चौदाएक वर्षं तिथे झगडले. सुएझचा कालवा १८६९ मध्ये उघडला, म्हणजे त्यांच्या काळी तो नव्हता, आणि घरी पाठवलेलं पत्र किती दिवसांनी पोचत असेल याची कल्पनाच करावी. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मशिक्षणासाठी गेले. त्यांनी तिकडून ‘सुबोध पत्रिके’च्या वाचकांसाठी प्रवासाची पत्रं लिहिली. तूही लिही, पण सूर्यास्ताचं वर्णन नको, ते फोटोत येतं. बोट कलताना न्हाणीघरातलं पाणी कसं वाहतं, जेवणात मीठ कमी आहे की जास्त, कपडे धुणारा माणूस कुठल्या देशाचा, त्याला मुलं किती, हे लिही. रोज पंधरा ओळी पुरे.

कागदपत्रांबाबत एकच गोष्ट. १९१७ मध्ये बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तकं वेगळ्या बोटीने येत होती. महायुद्ध चालू होतं. ती बोट पाणतीराने बुडाली आणि पै पै साठवून घेतलेला ग्रंथसंग्रह तळाला गेला. भरपाईचे सहाशे रुपये आले, ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला जाण्यात खर्च झाले. तुझा अभ्यास लॅपटॉपात आहे आणि लॅपटॉपाशेजारी पाण्याचा पेला असणार आहे. सगळ्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर, ती दुसऱ्या बॅगेत. पासपोर्ट आणि व्हिसाच्या छायाप्रतींचा एक संच आईकडे सांगलीला, एक मामाकडे.

शेवटी खाऊ. बऱ्याच देशांत फळं, बिया, दुधाचे पदार्थ घेऊन किनाऱ्यावर उतरू देत नाहीत, तेव्हा पेढे युरोपात उतरायच्या आतच वाटून संपव. दूध आणि साखर आटवून केलेली ही मिठाई आहे, एवढं इंग्रजीत सांगता आलं की पुरे. भडंगाचा मोठा डबा मामाने मुद्दाम वेगळा बांधला आहे. त्यातला लसूण सगळ्या केबिनमध्ये घमघमेल, म्हणून तो आत उघडू नकोस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डेकवर घेऊन जा, सोबत कागदी द्रोण दिलेत ते घे, आणि जे कुणी ‘हे काय आहे?’ विचारतील त्यांना दे. तिखट लागलं की पाणी मागतील, पाण्यावरून बोलणं सुरू होईल.

डबा रिकामा झाला की त्याचा एक फोटो पाठव. भरलेल्या डब्याचा नको, तो मामाकडे आहे.

आजीचे आणि मामीचे आशीर्वाद. आईला सांग, बोटीची वेळ कळली आहे.

तुझा,
मामा