छोटी लाईन : बार्शी लाईट

मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर.

ही पाच नावं सावकाश वाचा. या पाच गावांना जोडणारी एक छोटी रेल्वे पूर्वी धावत असे. तिचं नाव बार्शी लाईट. लाईट म्हणजे इथं दिवा नव्हे. लाईट म्हणजे हलकी. हलके रूळ, हलके डबे आणि हलका खर्च.

आज ती छोटी गाडी नाही. पण ती का आली, तिनं काय केलं आणि ती का गेली, हे समजून घेण्यासारखं आहे.

गाडी येण्याआधी

बार्शी ही जुनी बाजारपेठ. आसपासच्या मुलखातला कापूस आणि धान्य तिथं विकायला येई. पण मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी रेल्वे बार्शीला शिवत नव्हती. ती कुर्डुवाडीवरून जाई. तिथल्या स्टेशनाला तेव्हा 'बार्शी रोड' म्हणत. म्हणजे बार्शीला जायचं असेल तर इथं उतरा!

उतरल्यावर पुढे सुमारे 34 किलोमीटर वाट होती. बैलगाडीला त्यात दिवस मोडायचा. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतत. बैल दमत, माल भिजत असे. शेतात पिकलं, तरी ते बाजारात वेळेवर पोचलं पाहिजे ना? नाही पोचलं, तर पिकून काय उपयोग?

लहान का केली?

मोठ्या रेल्वेच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचं अंतर असतं. तशी रेल्वे बांधायला फार पैसा लागतो. रूळ जाड, भराव रुंद, पूल भक्कम. एवढा खर्च लहान मुलखाला झेपत नाही.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनियर होता. त्यानं ठरवलं की, इथं दोन रुळांत अडीच फुटांचंच अंतर ठेवायचं. रूळही हलके वापरायचे. पण हलका रूळ जड गाडीखाली वाकणार नाही का?

त्यावर त्यानं काढलेली युक्ती कोणाही शेतकऱ्याला पटेल. गाडीत पोती भरताना आपण सगळी पोती एकाच बाजूला रचत नाही. ओझं सारखं वाटतो. त्यानंही तेच केलं. डब्याला आणि इंजिनाला चाकांच्या जोड्या जास्त दिल्या. चाकांच्या कोणत्याही एका जोडीवर पाच टनांहून जास्त वजन पडू द्यायचं नाही, असा नियम केला. चार जोड्यांचा डबा असेल, तर डबा आणि माल मिळून वीस टन झाले. वजन वाटलं गेलं आणि हलका रूळ टिकला.

1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी ही गाडी सुरू झाली. 1911 साली ती लातूरला पोचली. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. म्हणजे ही छोटी गाडी इंग्रजांच्या मुलखातून निजामाच्या मुलखात जाई. दुसऱ्या बाजूनं रूळ पंढरपूरला गेले आणि 1927 साली मिरजेला भिडले. सगळी लाईन मिळून सुमारे 325 किलोमीटरची झाली.

गाडी आणि माणसं

लातूरचा, बार्शीचा माल या गाडीनं बाहेर जाऊ लागला. बाहेरचा माल गावात येऊ लागला. आषाढी-कार्तिकीला तर या गाडीला श्वास घ्यायला सवड नसे. पंढरीच्या वारकऱ्यांसाठी जादा गाड्या सोडाव्या लागत. डबे पुरत नसत. माणसं टपावरसुद्धा बसत. ते धोक्याचं होतं, पण विठोबाची ओढ मोठी!

वाटेवरची स्टेशनं लहान होती. एक खोली, एक तिकिटाची खिडकी आणि नावाची पाटी. आसपास एखादं लिंबाचं झाड. तिकीट म्हणजे जाड पुठ्ठ्याचा छोटा तुकडा. त्यावर गावाचं नाव आणि भाडं छापलेलं असे. पण ते वाचणारे थोडेच. बाकीचे शेजाऱ्याला विचारत, "बाबा, कोणतं गाव आलं?" पाटी समोर होती, पण वाचता येत नव्हती. आज तुम्हाला ती वाचता येते. हा फरक लहान नाही.

मग अडचण कुठं आली?

मोठ्या रेल्वेचा डबा छोट्या रुळावर चालत नाही. छोटा डबा मोठ्या रुळावर चालत नाही. म्हणून लातूरहून मुंबईला जाणारं पोतं कुर्डुवाडीला उतरवावं लागे. मग ते मोठ्या गाडीत पुन्हा चढवायचं. हमालांच्या हाताला काम मिळे, पण मालाला वेळ लागे आणि खर्च वाढे. उताऱ्यांनाही बोचकी घेऊन गाडी बदलावी लागे.

पुढे रस्ते झाले. 1948 साली आपल्याकडे सरकारी एस.टी. सुरू झाली. ट्रक वाढले. ट्रक थेट खळ्यावर येऊन उभा राहतो. छोटी गाडी मात्र हळू चाले. 1 जानेवारी 1954 रोजी सरकारनं ही लाईन कंपनीकडून विकत घेतली. गाडी पुढे अनेक वर्षं चालली, पण रूळ अडीच फुटांचेच राहिले.

रूळ रुंद झाले

शेवटी लोकांची मागणी पुरी झाली. 2001 नंतरच्या सुमारे दहा वर्षांत ही लाईन टप्प्याटप्प्यानं रुंद झाली. काही ठिकाणी वाट बदलली. पूर्वी उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या गाडीच्या वाटेवर नव्हतं. नव्या वाटेनं ते रेल्वेला जोडलं गेलं.

त्याचा उपयोग काय झाला, ते 2016 साली दिसलं. त्या वर्षी मराठवाड्यात मोठा दुष्काळ होता. मांजरा धरण कोरडं पडलं. लातूर शहराला प्यायला पाणी नव्हतं. तेव्हा मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेनं निघालं. 12 एप्रिल 2016 रोजी पहिली गाडी लातूरला पोचली. दहा टाक्या, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर. हिशेब करा. पाच लाख लिटर पाणी झालं. पुढे 50 टाक्यांच्या गाड्याही आल्या.

ही गाडी कोणत्या वाटेनं आली? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. धड्याच्या आरंभी वाचलेली तीच पाच नावं! रूळ अडीच फुटांचे असते, तर या पाण्याच्या टाक्या तिथून जाऊच शकल्या नसत्या. आणि छोट्या लाईनीनं आधी ही गावं जोडली नसती, तर मोठे रूळ कशाच्या जागी टाकले असते?

काय गेलं, काय राहिलं

सगळ्याच छोट्या लाईनींचं नशीब असं नव्हतं. वऱ्हाडात मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी छोटी गाडी होती. लोक तिला लाडानं 'शकुंतला' म्हणत. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. तिची चाकंही पुढे थांबली. रूळ रुंद करा, ही मागणी तिथले लोक करत राहिले.

जुन्या गोष्टीला नुसतं कवटाळून पोट भरत नाही. रूळ रुंद झाले हे बरंच झालं. पण जिनं वाट पाडली तिला विसरू नये. जुन्या स्टेशनाच्या भिंती पडतात, पाटीवरचं नाव पुसतं. ज्यांनी त्या गाडीतून प्रवास केला, ती माणसंही हळूहळू कमी होत जातील. त्यांच्याबरोबर आठवण जाईल. ती कागदावर उतरली तरच राहील. आणि आता लेखणी तुमच्या हातात आहे.

विचारा आणि लिहा

1. छोट्या गाडीचे रूळ हलके असून का टिकले?
2. कुर्डुवाडीला माल का उतरवावा लागे?
3. 50 टाक्यांच्या गाडीत किती लिटर पाणी मावेल?
4. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा : पहिल्यांदा रेल्वेत कधी बसलात? कुठं गेलात? तिकीट किती होतं? ते सांगतील ते पाच ओळींत लिहा. खाली त्यांचं नाव आणि आजची तारीख घाला.