झाडाचा वैद्य : जोडधंद्याचा एक धडा



या पानावर आपण नेहमी लागण, बेणे, खोडवा आणि खताचे हप्ते यांचेच बोलतो. या खेपेस विषय उसाचा नाही, पण ऊसवाल्या घरातल्या पोरांचा आहे. दोन एकर रान आणि तीन भाऊ, ही आता घरोघरची गोष्ट झाली. एकजण रान बघतो, दुसरा गाडीवर जातो, तिसऱ्याने काय करावे? दूध, शेळ्या, कोंबड्या हे सर्वांना ठाऊक आहे. मोठ्या झाडांची छाटणी, तपासणी व औषधोपचार हा धंदा मात्र आपल्याकडे फारसा कोणी मनावर घेतलेला दिसत नाही.

भोरहून घाट उतरून वरंधला जा, म्हणजे या धंद्याला काम किती आहे ते दिसेल. घरांच्या पाठीला आंबा, फणस, जांभूळ, वर डोंगराला ऐन, किंजळ, हिरडा. महाड-पोलादपूरचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरातला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगराकडच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्याच, पण आतल्या तालुक्यांतही झाडे पडली. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, महाड तालुक्यात तळियेची दरड कोसळली. तेव्हापासून पावसाळा जवळ आला की घरावर झुकलेल्या झाडाकडे बघून माणसाला झोप येत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. मग करवतवाला येतो, एकतर झाड बुडापासून पाडतो, नाहीतर शेंडा उडवून मोकळा होतो. शेंडा उडवणे तर पाडण्याहून वाईट. त्या जागी जे फुटवे येतात ते वरवर चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांत ते जड होतात आणि वाऱ्याला तिथूनच निखळतात.

चढण्याची कला या भागात नवी नाही. भाताच्या राबासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या तोडणारा माणूस कमरेच्या आकडीत कोयता अडकवून चढतो, ते बघण्यासारखे असते. (इंग्रजी अमदानीत ठाणे-कुलाब्यातल्या राबाच्या तोडीवरून एवढी तक्रार झाली की १८८५ साली जंगल कमिशन नेमावे लागले.) हात, पाय, तोल हे सगळे त्याच्याकडे आहे. शिकायचे राहिले ते कुठे कापायचे आणि कुठे थांबायचे.

इथे मला आमच्याच नेहमीच्या उपदेशाच्या उलट सांगावे लागत आहे. ऊस जमिनीलगत तोडा, बुडखा ठेवू नका, हे तुम्ही आमच्याकडून शंभरदा ऐकले असेल. उसाला ते बरोबर, कारण खालच्या डोळ्यांतून जोमदार फुटवा येतो. झाडाची फांदी मात्र खोडालगत घासून कापायची नाही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी असते. काप त्या वळीच्या जरा बाहेर घ्यायचा. वळी कापली तर जखम खोडात जाते, लांब खुंट ठेवला तर तो कुजून कूज आत उतरते. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून पाहिली आणि १९७७ च्या सुमारास दाखवून दिले की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंत घालून तिला कोंडून टाकते. म्हणून पोकळी खरवडून तीत सिमेंट भरणे हा जुना उपाय आता मागे पडला. खरवडताना झाडाने घातलेली भिंतच फुटते.

जड फांदी एका कापात तोडू नये. पहिला काप खोडापासून हात-दीड हात अंतरावर खालून, फांदीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून. फांदी पडली की उरलेला खुंट तिसऱ्या कापाने वळीपाशी काढावा. खालचा काप न घेता वरून कापले तर फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलून नेते. असे सोललेले आंबे आपल्या बांधांवर हवे तेवढे सापडतील.

आंब्याबाबत दोन गोष्टी जास्तीच्या. मोठ्या छाटणीनंतर भिरूड हमखास येतो. भोकातून भुसा पडू लागला की तारेने अळी काढावी, औषध सोडून भोक चिखलाने लिंपावे. कापांवर बोर्डो पेस्ट लावावी : मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर, भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे. लोखंडी खिळा बुडवून बघावा, तांबूस झाला तर चुना वाढवावा. डांबर फासू नये. बांडगूळ नुसते ओरबाडून जात नाही, त्याच्याखाली फांदीच कापावी लागते. हे प्रत्यक्ष बघायचे तर दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आहे, आणि रायगडात रोह्याजवळ किल्ला येथे त्याचे कृषि विज्ञान केंद्र आहे.

कापण्याआधी तपासणी. लाकडी हातोड्याने खोड ठोकावे, पोकळ आवाज लक्षात येतो. बुडाशी अळंबी, जोडफांदीच्या बेचक्यात चीर, झुकल्या बाजूच्या उलट जमीन उचललेली, ही खरी भीतीची लक्षणे. नुसते पोकळ आहे म्हणून झाड पाडू नये. बाहेरची धड भिंत त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाएवढी असली तर झाड बहुधा तग धरते. तेलंगणात महबूबनगरजवळ पिल्ललमर्रीचा शेकडो वर्षांचा वड वाळवीने पोखरला होता. २०१८ साली त्याला सलाइनच्या बाटल्यांनी औषध देऊन आणि फांद्यांना खालून आधार देऊन वाचवले गेले.

आता जिवाचे. काथ्याच्या दोरावर माणूस चढवू नये. पट्टा, शिरस्त्राण आणि गिर्यारोहणाचा दोर घ्यावा, करवत चालवताना दोन ठिकाणी बांधून घ्यावे, खाली एक जाणता गडी ठेवावा. दोरकाम शिकायला लांब जायला नको. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली, तेव्हा दोरावर खाली उतरलेल्यांत याच भागातले गिर्यारोहक होते. त्यांच्याकडे महिनाभर उमेदवारी करावी. केरळात नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना यंत्राने नारळावर चढायला शिकवले, विमाही दिला. विम्याशिवाय आपल्याही पोराने झाडावर पाय ठेवू नये. तारेजवळचे झाड असेल तर महावितरणकडून वीज बंद करून घ्यावी, फोनवरच्या तोंडी शब्दावर राहू नये.

कायद्याचेही बघावे. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन, किंजळ, हिरडा, खैर, साग ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडे आहेत. स्वतःच्या मालकीची असली तरी पाडायला परवानगी लागते. नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे. परवानगीचा कागद आधी, करवत नंतर.

मजुरी रोजावर ठरवू नये, झाड बघून उक्ते सांगावे. फांद्या कोणी हलवायच्या, लाकूड कोणाचे, कौले किंवा पत्रा फुटला तर कोणी भरायचे, हे चढण्याआधी कागदावर घ्यावे. लाकडाच्या बदल्यात काम करणे तर टाळावेच, कारण मग नको तेवढे कापायचा मोह होतो आणि पुढच्या वर्षी त्या घरी बोलावणे येत नाही.