अनुदान कोणास मिळतें? सातबाऱ्यावरील नांवाचा विचार

"जमीन आमची, कष्ट आमचे, मग सरकारचा पैसा आमच्या खात्यांत कां येत नाहीं?" हा प्रश्न गांवोगांवीं ऐकूं येतो. त्याचें उत्तर शोधण्यास लोक बँकेंत जातात. पण बहुधा तें तलाठ्याच्या दप्तरांत, गांव नमुना सहा व सात ह्यांत असतें.

पूर्वीच्या तगाईची गोष्ट निराळी. १८८३ व १८८४ च्या कायद्यांन्वयें मिळणारी ती रक्कम कर्ज होती व जमीनमहसुलाप्रमाणें वसूल होई. पंतप्रधान किसान सन्मान निधि हें मात्र परतफेडीचें देणें नव्हे. ही योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजीं सुरू झाली व तींत वर्षास ६००० रुपये तीन हप्त्यांनीं देण्याचें ठरलें. तिला जोडून राज्य शासनानें आणखी ६००० रुपयांची 'नमो शेतकरी महासन्मान निधि' योजना काढली. तिचा आरंभ २६ ऑक्टोबर २०२३ रोजीं आपल्याच जिल्ह्यांत, शिर्डी येथें झाला. पारनेर-कर्जतकडील जिराइती शेतकऱ्यास ही रक्कम उपेक्षा करण्यासारखी नाहीं.

हा पैसा कसणाऱ्याच्या मागें जात नाहीं, नांवाच्या मागें जातो, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. वाटेकऱ्यास तो नाहीं. बाप हयात असून जमीन त्याच्या एकट्याच्या नांवें असेल, तर सज्ञान मुलगा रात्रंदिवस शेतांत राबत असला तरी त्यासही नाहीं. कुटुंब म्हणजे पति, पत्नी व अज्ञान अपत्यें इतकेंच धरलें आहे. जमीनधारणा पाहण्याची तारीख १ फेब्रुवारी २०१९ ही आहे. त्यानंतर खरेदीनें लागलेलें नांव ह्या कामीं चालत नाहीं. धारकाच्या मृत्यूमुळें वारसानें लागलेलें चालतें. प्राप्तिकर भरणारे व चतुर्थ श्रेणी सोडून इतर सरकारी नोकर वगळले आहेत.

उदाहरण घेऊं. एक खातेदार २०२० सालीं वारला. मागें तीन मुलगे व एक मुलगी. जमीन तिघे भाऊ कसतात, पण सातबाऱ्यावर बाप अद्याप जिवंतच! अशा स्थितींत मुलांपैकीं एकासही हक्क सांगतां येत नाहीं. उलट मयताच्या खात्यांत येणारे हप्ते उचलीत राहिल्यास पुढें वसुलीची नोटीस दारीं येते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणें हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्यास (ह्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वर्दी द्यावयाची असते. वारसांची नोंद प्रथम नमुना सहा-क मध्यें व मग फेरफार नोंदवहींत होते. संबंधितांस नोटिसा जातात, हरकतींस पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आणि तेव्हां कोठें सातबारा बदलतो. ह्या पडून राहिलेल्या नोंदींसाठींच शासनानें २०२५ सालीं 'जिवंत सातबारा' मोहीम काढली होती.

येथें एक खोड सांगितलीच पाहिजे. अर्जांत बहिणीचें नांव गाळण्याची! २००५ च्या दुरुस्तीनें मुलगी मुलाप्रमाणेंच सहदायाद झाली आहे. नांव गाळल्यास ती हरकत घेते, नोंद विवादग्रस्त होते, व सर्वांचेंच काम अडतें. शिवाय हें साहाय्य गुंठ्यांच्या हिशेबानें नाहीं. बहिणीचें नांव लागल्यानें भावाच्या रकमेंतून एक पैसाही कमी होत नाहीं. तिला स्वेच्छेनें हक्क सोडावयाचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावें.

नांव लागल्यावर ई-केवायसी राहते. पाथर्डीकडील ऊसतोडीस जाणाऱ्या मंडळींनीं ती गांव सोडण्यापूर्वींच उरकावी. १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषि योजनांस शेतकरी ओळख क्रमांकही सक्तीचा केला आहे.

इतकें होऊनही पैसा दिसत नसेल, तर सर्व खातीं तपासावींत. ज्या खात्यास आधार शेवटीं जोडला गेला त्यांतच रक्कम पडते. सोसायटीच्या कामासाठीं कधींकाळीं उघडलेल्या व विसरून गेलेल्या पासबुकांत चार-चार हप्ते सांपडतात.