दोन कोटींच्या गाडीकडून आपल्या दुकानाने काय शिकायचं?



चैत्र पौर्णिमेला आमच्या विवळवेढ्यात महालक्ष्मीची यात्रा सुरू होते आणि पंधरा दिवस महामार्गावर गाड्याच गाड्या. गेल्या यात्रेत माझ्या दुकानासमोर एक काळी रेंज रोव्हर थांबली. मागच्या सीटवरच्या आजींनी काच खाली केली आणि विचारलं, "चिकूच्या चिप्स आहेत का? पण पाकीट असं द्या की नातवाने गाडीत सांडायला नको." माझ्याकडे तसं पाकीट नव्हतं. गाडी निघून गेली.

दुकानातला पोऱ्या म्हणाला, "दादा, दोन कोटींच्या वर किंमत आहे म्हणे. एवढं असतं काय हो हिच्यात?"

खरं सांगू? मला उत्तर आलं नाही. रात्री शटर ओढल्यावर वाचत बसलो. वाचता वाचता माझीच एक जुनी चूक डोळ्यांसमोर आली. आजचा धडा त्यावरच आहे.

सुरुवात चिखलातून झाली

१९४८ साली इंग्लंडमधल्या रोव्हर कंपनीने लँड रोव्हर आणली. महायुद्ध नुकतंच संपलेलं, पोलाद मिळायची मारामार, म्हणून बॉडी ॲल्युमिनियमची केली. शेतात, डोंगरात कुठेही जाणारी गाडी. पण लांबच्या प्रवासात हाडं खिळखिळी व्हायची.

मग कंपनीच्या इंजिनिअरांनी एक गोष्ट हेरली. शेतावर जायला एक गाडी आणि शहरात जायला दुसरी, असं दोन गाड्यांचं काम एकच गाडी का करू नये? १९७० साली रेंज रोव्हर आली. पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंग, साडेतीन लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना कायम ताकद आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक.

आणि आत काय होतं? लेदर? अजिबात नाही. प्लास्टिकच्या सीट, खाली रबर. चिखल झाला की पाणी मारून धुवायचं! आज जिला आपण लक्झरी म्हणतो, तिची सुरुवात अशी झाली. आधी काम, मग थाट.

प्रत्येक सोयीमागे एक त्रास

आता वही काढा. डावीकडे त्रास, उजवीकडे सोय, असं लिहा.

१९८१: पहिल्या गाडीला दोनच दरवाजे होते. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरा. म्हणून चार दरवाजे आले. पुढच्या वर्षी ऑटोमॅटिक गिअरही मिळाला.

१९८९: जड गाडी, ओला रस्ता, जोरात ब्रेक दाबला की चाकं जागच्या जागी अडकून गाडी घसरणार. म्हणून एबीएस, म्हणजे चाक अडकू न देणारा ब्रेक.

१९९२: खराब रस्त्यावर गाडी उंच हवी, पण चढता-उतरताना खाली हवी. म्हणून एअर सस्पेन्शन. हवेच्या दाबावर गाडी वर-खाली होते. त्याच वर्षी मागे पाय पसरायला जागा देणारी लांब गाडीही आली.

१९९४ ला दुसरी पिढी आली, २००१ ला तिसरी. तिसऱ्या पिढीत वेगळी चासी गेली, बॉडी आणि चासी एकजीव झाली आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला धक्का कमी बसतो.

२०१२: सोयी वाढवता वाढवता वजन वाढलं होतं. चौथ्या पिढीत अख्खी बॉडी ॲल्युमिनियमची केली आणि वजन ४२० किलोपर्यंत उतरवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर वीस किलोचे एकवीस क्रेट चिकू गाडीतून खाली काढले!

२०२१: पाचव्या पिढीची गाडी पाच मीटरपेक्षा लांब. वळवताना त्रास होणारच. म्हणून हळू चालताना मागची चाकंही उलट्या दिशेने वळतात आणि गाडी कमी जागेत फिरते. लांब मॉडेलमध्ये सात जण बसतील अशी सोयही पहिल्यांदाच आली.

आता यादी परत वाचा. आधी त्रास, मग सोय. आणि काय बदललं नाही तेही बघा. मागचा दरवाजा वर-खाली दोन भागांत उघडतो, तो १९७० पासून आजपर्यंत तसाच आहे. वाईट रस्त्यावर जाण्याची ताकदही तशीच. आजची गाडी ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास कंबरेएवढ्या पाण्यातून जाऊ शकते.

किंमत कमी करायची म्हणजे माल हलका करायचा का?

इथे आपलं पुणं येतं. टाटा मोटर्सने जून २००८ मध्ये फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर हे दोन्ही ब्रँड २.३ अब्ज डॉलरना घेतले. त्याच वर्षी जगभर मंदी आली. तरी टाटांनी नाव बदललं नाही, गाडीचा दर्जा उतरवला नाही. २०११ पासून लँड रोव्हरच्या फ्रीलँडर या लहान गाडीची जोडणी पुण्यात सुरू झाली. रेंज रोव्हर मात्र इंग्लंडमधल्या सॉलिहलच्या कारखान्यातच बनायची.

मे २०२४ मध्ये जाहीर झालं की रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट यांची जोडणीही पुण्यात होणार. बाहेरून पूर्ण तयार गाडी आणली तर आयात कर जास्त, सुटे भाग आणून इथे जोडले तर कमी. त्यामुळे किमती साधारण १८ ते २२ टक्क्यांनी उतरल्या आणि रेंज रोव्हरची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत २ कोटी ३६ लाखांवर आली.

बघा, गाडीतली सोय काढून किंमत कमी केली नाही. काम कुठे होतं, ते बदललं. आपणही तयार माल आणण्याऐवजी सुटा माल आणून पॅकिंग इथेच केलं तर काय वाचेल, हा हिशोब एकदा मांडा.

आता माझी चूक

आमच्या डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. माल उत्तम. दोन-तीन वर्षांपूर्वी मला वाटलं, यात्रेला मोठमोठ्या गाड्या येतात, तर आपणही 'प्रीमियम' व्हावं. चिप्ससाठी सोनेरी रिबिनीचे ३०० खोके छापून घेतले, एक खोका ३८ रुपयांना. ८० रुपयांचा माल १५० ला लावला. विकले किती? ७२. उरलेल्या २२८ खोक्यांत माझे ८,६६४ रुपये अडकले. आतल्या चिप्स मऊ पडल्या, तो तोटा वेगळाच.

चूक काय झाली? खोका हा माझ्या हौसेतून आला होता, गिऱ्हाइकाच्या त्रासातून नाही. त्रास काय होता ते त्या आजींनी एका वाक्यात सांगितलं. गाडीत सांडायला नको!

यात्रेनंतर मी परत बंद करता येणारी उभी पाकिटं आणली. एका पाकिटाला जास्तीचे ३ रुपये, विक्री किंमत ४० ची ४५. एसटीने येणारी बाईही तेच उचलते आणि मोठ्या गाडीतला साहेबही.

तुमचा गृहपाठ

धंद्यात कुठलीही नवी सोय आणण्याआधी हे तीन प्रश्न वहीत लिहा:

१. ही सोय गिऱ्हाइकाचा कोणता त्रास कमी करते? एका वाक्यात सांगता येत नसेल तर थांबा.
२. त्यासाठी गिऱ्हाईक जास्तीचे पैसे देईल का? आधी दहा जणांना विचारा, मग तीनशे छापा.
३. ही सोय आणताना माझा मूळ माल बिघडत तर नाही ना?

आणि हो, बरेच जण विचारतात, "सर, धंदा जरा चालायला लागलाय, मोठी गाडी हप्त्यावर घेऊ का? गिऱ्हाइकावर छाप पडते." त्यांनाही पहिलाच प्रश्न. गाडीने तुमच्या गिऱ्हाइकाचा त्रास कमी होतो का? माल वेळेवर पोचत असेल तर टेम्पो घ्या. नुसतीच छाप पडत असेल, तर तो माझा सोनेरी खोकाच आहे, फक्त हप्ता मोठा.

या आठवड्यात तुमच्या गिऱ्हाइकांचे पाच त्रास लिहून काढा आणि व्हिडिओखाली टाका. पुढच्या भागात त्यातल्याच एका त्रासाचा हिशोब आपण मिळून मांडू.

भेटूया!